बोटभर कागद

त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं आणि तिथंच राहिलं. सचिवालयाच्या मागच्या अंगाला बांधणीची एक लांबट खोली आहे. सरकारची रजिस्टरं, फायली, कुणीही न वाचायचे जाडजूड अहवाल, सगळं तिथं शिवलं जातं. त्या खोलीत त्यांना सगळे भागूबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि त्याही ‘ओ’ द्यायच्या. बाई इतकी भित्री, की दुसरं नाव शोभलंच नसतं.

लिफ्टला घाबरायच्या, म्हणून गुडघे दुखत असताना चार मजले चढून जायच्या. टेलिफोन वाजला की आधी दचकायच्या, मग दुसऱ्या कुणाला तरी उचलायला लावायच्या. लाल शिक्क्याचं पाकीट आलं की संपलंच. एकदा असं पाकीट आलं आणि बाईंनी ते दोन दिवस पिशवीतून घरी नेलं, परत आणलं, उघडलं नाही. शेवटी उघडलं तर पगारवाढ! बाई नोकरीला लागायच्या आधी त्यांचा नवरा त्याच खोलीत कागद कापायच्या यंत्रावर होता. तो म्हणायचा, “अगं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तू वाट बघतेस म्हणून तो येतो.” पुढं नवरा गेला. बाईंनी त्याच्या जागी नोकरी धरली, शिवण शिकल्या, मुलगी वाढवली, तिचं लग्न लावून दिलं. सगळं घाबरत घाबरत केलं. पण केलं ना? ते मात्र कुणी मोजत नाही.

आणि हातात सुई आली की बाई वेगळीच. टोच्यानं कागदाला भोकं पाडायची, मेणाचा दोरा ओढायचा, बोटानं पिठाची खळ फिरवायची, पानं दाबायला शिकंजा आवळायचा, या सगळ्यात त्यांचा हात कधी थरथरला नाही. फाटलेलं पान त्या असं लावायच्या की लावलंय हे पान फाडणाऱ्यालाही कळू नये. नवरा त्या खोलीचा एकच नियम सांगायचा, “आपण शिवायचं, वाचायचं नाही. वाचणाऱ्यांना पगार वेगळा असतो.” एकवीस वर्षं बाईंनी हा नियम पाळला. सरकारची किती गुपितं त्यांच्या मांडीवरून गेली असतील, पण त्यांना विचाराल तर कागदाची जाडी सांगतील.

या बाईंचे व्याही म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्याच्या फाटकावरचे पहारेकरी. बंगला सचिवालयाच्याच आवारात. दरवर्षी नवं रजिस्टर न्यायला ते स्वतः बांधणीच्या खोलीत यायचे आणि दरवर्षी तक्रार करायचे. कागद पातळ आहे. रेघा वाकड्या आहेत. शेवटचा रकाना अरुंद आहे, माणूस बाहेर पडल्याची वेळ मी कुठं लिहू, माझ्या कपाळावर? भागूबाई घाबरून रकाना रुंद करून द्यायच्या. माणूस वेळेचा इतका पक्का की सकाळी रेडिओवरच्या ठोक्याला मनगटावरचं घड्याळ लावणार आणि मग दिवसभर त्या घड्याळापुढं कुणाचं ऐकणार नाही. एकदा खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या मेव्हण्याला त्यांनी फाटकावर थांबवून सही घेतली होती. तक्रारी करता करता दोघं एका बाकावर डबा खायला लागले. डबा खाता खाता भागूबाईंची लेक त्यांच्या मुलाला दिली. तेव्हापासून ते त्यांना “विहीणबाई” म्हणायचे आणि मागं हळूच पुठ्ठा आपटून दचकवायचे.

असं सगळं बरं चाललं होतं. मग नदीत ती फेरीबोट बुडाली.

एकशे बारा माणसं गेली. बोट जुनी होती, तळ गंजलेला. बंदराच्या तपासनिसानं ती पाण्यात घालायला बंदी केली होती. ती बंदी एका बुधवारी सकाळी अचानक उठली आणि पुढच्या आठवड्यात बोट तळाशी गेली. वर्तमानपत्रांनी विचारायला सुरुवात केली, बंदी उठवली कुणी? बोटीचा मालक आदल्या मंगळवारी संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यावर गेला होता, असं कुणीतरी छापलं. राष्ट्राध्यक्ष संसदेत उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “त्या माणसाचं तोंडसुद्धा मी आयुष्यात पाहिलेलं नाही.” चौकशी आयोग बसला. आयोगानं पहिली गोष्ट मागितली ती फाटकावरचं रजिस्टर.

ते रजिस्टर आयोगाकडे जायच्या आदल्या दुपारी बांधणीच्या खोलीत आलं.

बाकी सगळे जेवायला गेले होते. भागूबाई एकट्याच खळ ढवळत होत्या. आधी अत्तराचा वास आला, मग माणूस. राष्ट्राध्यक्षांच्या खासगी कार्यालयातले मोठे अधिकारी होते हे. सगळं सचिवालय त्यांना पाठीमागं अत्तरसाहेब म्हणायचं. त्यांनी दाराला आतून कडी लावली.

“बाई, जरासं काम आहे,” ते गोड आवाजात म्हणाले. रजिस्टर उघडून त्यांनी एक पान दाखवलं आणि कोटाच्या खिशातून तसंच आखलेलं, तसंच लिहिलेलं दुसरं पान काढलं. “हे पान खराब झालंय. ते काढा, हे लावा. अर्ध्या तासात.”

भागूबाईंनी रजिस्टर ओळखलं. न ओळखून कसं चालेल, स्वतःच्या हातानं शिवलेलं! शेवटचा रकाना रुंद. त्यांनी अक्षराकडे पाहिलं नाही, नियम तो नियम. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं चोरी करायच्या आधीच त्यांच्या मनात लख्ख पडलं, की कडी लावून कुणी खराब पान बदलत नाही.

“साहेब, पान असं नुसतं निघत नाही,” त्या चाचरत म्हणाल्या. “कागद मधोमध दुमडून शिवलेला असतो. या पानाचा जोडीदार पलीकडं आहे. हे काढलं तर ते पण...”

“मला पानांची लग्नं सांगू नका,” अत्तरसाहेब म्हणाले. “तुमची मुलगी त्या पहारेकऱ्याच्या घरात दिलीय ना? जावई शाळेची बस चालवतो. बरोबर? करा काम.”

आता सांगा, काय करणार ती? तुम्ही-आम्ही असतो तर फार मोठं काहीतरी बोललो असतो, असं आपल्याला घरी बसून वाटतं. भागूबाईंची पाचावर धारण बसली होती. त्यांनी पट्टी ठेवली आणि पान कापलं. अगदी शिवणीपासून नाही, बोटभर काठ आत ठेवून कापलं, कारण पान काढायची रीतच ती. तो काठ शिवणीत राहतो, पलीकडच्या जोडीदाराला धरून ठेवतो आणि नवं पान त्याच काठावर चिकटवतात. काठाच्या एका अंगाला कोरा समास होता, दुसऱ्या अंगाला शाई होती. शाईचं अंग आत दाबलं की बाहेरून काही दिसत नाही. त्यांनी तेच केलं, विचार न करता, रोज करतात तसं.

अत्तरसाहेब खिडकीपाशी पाठ करून हळू आवाजात फोनवर बोलत होते. मध्येच वळून म्हणाले, “तो पांढरा गोंद लावा. लवकर वाळतो.”

“त्यानं पान ताठ होतं साहेब. उघडणाऱ्याच्या बोटाला कळतं. खळच बरी.”

“मग खळ. पण आटपा.”

कापलेलं पान त्यांनी चार घड्या घालून खिशात टाकलं. त्याची आतली कड पाहिलीसुद्धा नाही. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, “बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि एक ध्यानात ठेवा. त्या खळीत बोटं तुमची आहेत. माझी कुठंच नाहीत.” वास मात्र संध्याकाळपर्यंत खोलीत राहिला. भागूबाईंनी खिडक्या उघडल्या तरी जाईना.

पुढच्या सोमवारी आयोगानं रजिस्टर उघडलं. त्या मंगळवारी बोटीच्या मालकाचं नाव नाही! व्याह्यांना बोलावलं. त्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं. “तो आला होता. पाच चाळीसला आत, सात पंचावन्नला बाहेर. सही त्यानं स्वतः केली, वेळ मी लिहिली.” मग इथं का नाही? “हे पान माझं नाही,” ते म्हणाले. “अक्षर माझ्यासारखं आहे, पण माझं नाही.” सरकारी वकील हसला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत व्याह्यांचा फोटो, खाली ‘विरोधकांचा विकत घेतलेला पहारेकरी’. तिसऱ्या दिवशी खोटी साक्ष दिली म्हणून त्यांना घरातून उचलून नेलं. घड्याळ काढून घेतलं. शाळेनं जावयाला सांगितलं, काही दिवस येऊ नका.

लेक आईकडं आली ती पायरीवरच बसली. “आई, शेजारीण मला बघून दार लावते,” ती म्हणाली. “मामंजी म्हणतात तो सात पंचावन्नला बाहेर पडला. ते खोटं बोलतील का गं? तूच सांग. तू त्यांना ओळखतेस.”

भागूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण ते ‘सात पंचावन्न’ कानात राहिलं आणि हात तिथंच थांबला. अंगठ्याखाली दाबलेला तो बोटभर काठ त्यांना डोळ्यांपुढं दिसायला लागला. काठावर शाई होती. शेवटच्या रकान्याची शाई. माणूस बाहेर पडल्याची वेळ लिहायचा रकाना अगदी शिवणीला लागून होता, त्यांनी स्वतःच आखून रुंद केलेला. वेळ तिथंच आहे. नव्या पानाखाली, खळीत, अजून.

आता त्यांच्या मनात पहिला विचार काय आला, तो खोटं न बोलता सांगतो. ‘चला, व्याही सुटतील,’ असा नाही आला. पहिला विचार आला, की ते रजिस्टर दहा मिनिटं हातात मिळालं तर तो काठ खरवडून टाकता येईल. मेली भीती माणसाला काय काय सुचवते! बाईंना स्वतःची इतकी शिसारी आली की त्यांनी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. इकडं आड, तिकडं विहीर. बोललं तर स्वतः तुरुंगात, कारण पान बदलणारा हात आपलाच. न बोललं तर व्याही तुरुंगात, लेकीचं घर धुळीला. आणि हे कमी म्हणून की काय, तिसरीच धास्ती. अत्तरसाहेबांनी ते कापलेलं पान जाळण्याआधी उलगडून पाहिलं असेल तर? शेवटचा रकाना पानावर नाही, मग तो राहिला कुठं, हे त्यांच्या ध्यानात आलं तर? खोलीच्या दाराची कडी वाजली की भागूबाई सुई बोटात टोचून घ्यायच्या. रस्त्यावर काळी गाडी हळू झाली की त्या दुकानात शिरायच्या. एकदा अशा खिळ्यांच्या दुकानात शिरल्या आणि काय हवं विचारल्यावर घाबरून पाव किलो खिळे घेऊन आल्या. लेक म्हणाली, “खिळे कशाला?” त्या म्हणाल्या, “असू दे घरात.”

दुसऱ्या आठवड्यात तुरुंगातल्या भेटीची परवानगी आली. लेक तापानं पडली होती, म्हणून भागूबाईंना एकटीनं जावं लागलं. लोखंडी दारापाशी शिपायानं रजिस्टर पुढं सरकवलं, “नाव, नातं, वेळ.” बाईंची नजर गेलीच. शिवण सैल, दोरा बिनमेणाचा, पानं लोंबतायत. असल्या ठिकाणीसुद्धा त्यांना त्या बांधणाऱ्याचा राग आला.

जाळीपलीकडं व्याही बसले होते. दाढी वाढलेली, मनगट मोकळं. तरी आधी तेच हसले. “या विहीणबाई. पुठ्ठा आपटायला इथं काही नाही, नाहीतर स्वागत केलं असतं.”

भागूबाईंना रडूच फुटलं. शिपाई लांब दाराशी होता. व्याही पुढं वाकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “रडू नका. मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“आयोगानं रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं तेव्हा मी पान चाचपलं. कुठं जोड लागेना बोटाला. या सबंध आवारात इतकं सपाट पान लावणारा हात एकच आहे. सव्वीस वर्षं मी माणसं बघतोय फाटकावर, हात पण बघतो.”

भागूबाईंनी हात पदराखाली लपवले.

“मला विचारलं, पान बदललं म्हणता तर कुणी बदललं?” व्याही म्हणाले. “मी म्हटलं, मी बाहेर फाटकावर उभा असतो, मला काय ठाऊक.”

“का... का नाही सांगितलंत? सुटला असता तुम्ही!”

“आणि तुम्ही आत आला असता. तुम्हाला लिफ्टची भीती वाटते, विहीणबाई. इथलं दार बंद होताना जो आवाज होतो ना, तो तुम्हाला झेपायचा नाही. मी आहे ना इथं. माझं काय, आजवर दाराच्या त्या बाजूला उभा होतो, आता या बाजूला बसतो.” मग शिपायाकडं बघत त्यांनी विचारलं, “किती वाजले हो?” शिपायानं उत्तर दिलं नाही. त्याचं त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं.

घरी येताना भागूबाई बसमध्ये उभ्याच राहिल्या. जागा होती, पण बसायचं सुचलं नाही. आपल्या भीतीवर आजवर सगळे हसले होते. नवरा हसला, खोलीतले हसले, व्याहीही हसले. पण या भीतीपायी कुणी असं स्वतःला तुरुंगात घालून घेईल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आपलं भिणं आपल्यापुरतं असतं असं त्यांना वाटायचं. ते तसं नव्हतं आणि त्याची लाज त्यांना जाळायला लागली.

लाज आली म्हणून भीती गेली, असं मात्र समजू नका. आठ दिवसांनी लाल शिक्क्याचं पाकीट आलं. आयोगाचं समन्स. व्याह्यांचा वकील पान बदलल्याचं म्हणतोय, तेव्हा रजिस्टर बांधणाऱ्या कर्मचाऱ्यानं येऊन सांगावं, बांधणी मूळची आहे की नाही. त्याच दुपारी सचिवालयाच्या मागच्या रस्त्यावर काळी गाडी थांबली. काच खाली झाली आणि अत्तराचा वास आला.

“सोपं आहे, बाई,” अत्तरसाहेब म्हणाले. “ते विचारतील, हे रजिस्टर कुणी बांधलं? म्हणायचं, मी. शिवण मूळची आहे का? म्हणायचं, हो. आणि ते खरंच आहे की नाही? शिवणीला तुम्ही हात लावलेलाच नाही. एक अक्षर खोटं बोलायचं नाही. घरी जायचं. सोमवारी तुमचा जावई कामावर.” ते हसले. “मी समोरच बसलेलो असेन. भीती वाटली तर माझ्याकडं बघा.”

सुनावणीच्या दिवशी भागूबाईंनी घर झाडलं, लेकीसाठी भात लावून ठेवला आणि कपड्यांची एक पिशवी भरली. पिशवी कशाला भरतो आहोत हे त्या स्वतःलाही सांगत नव्हत्या. आयोगाची खोली चौथ्या मजल्यावर होती. जिना चढताना त्या प्रत्येक मजल्यावर थांबल्या आणि प्रत्येक मजल्यावर परत फिरावं असं वाटलं. दुसऱ्या मजल्यावर तर चार पायऱ्या खाली उतरल्यासुद्धा.

खोली खच्चून भरलेली. मध्ये उंच खुर्चीवर न्यायमूर्ती. उजवीकडं दोन शिपायांच्या मध्ये व्याही. पुढच्या रांगेत अत्तरसाहेब, पायावर पाय टाकून.

“हे रजिस्टर कुणी बांधलं?” सरकारी वकिलानं विचारलं.

“मी.”

“शिवण मूळची आहे?”

“हो.”

“झालं तर,” वकील वळला. “साक्षीदार जाऊ शकते.”

भागूबाई गेल्या नाहीत. दोन्ही हातांनी कठडा धरून उभ्याच राहिल्या. खोलीत कुजबुज झाली. व्याह्यांनी हळूच मान हलवली, नको म्हणून. ते पाहिलं आणि बाईंचा उरलासुरला धीर सुटला. आणि धीर सुटल्यावर माणूस गप्प बसतो तसं व्हायच्या ऐवजी त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडले.

“साहेब, मला वाटीभर पाणी मिळेल का? आणि स्वच्छ फडकं.”

न्यायमूर्तींना वाटलं, बाईंना चक्कर येतेय. शिपाई पाणी घेऊन आला. बाईंनी ते प्यायलं नाही. फडकं भिजवलं, पिळलं आणि म्हणाल्या, “रजिस्टर द्या.”

सरकारी वकील ताडकन उठला. पुरावा आहे, पाण्यानं नासेल, बाई भ्रमिष्ट आहे! न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं. “बाई, नासेल का?”

“शाई बॉलपेनची आहे, पाण्याला दाद देत नाही,” भागूबाई म्हणाल्या. “आणि माझ्या हातून आजवर एकही पान नासलेलं नाही.” त्या दिवसभरात एवढं एकच वाक्य त्या न अडखळता बोलल्या.

त्यांनी ते पान उघडलं, शिवणीपाशी ओलं फडकं ठेवलं आणि वरून तळहात दाबला. मग काहीच झालं नाही. खोली बघत राहिली.

“किती वेळ लागेल?” न्यायमूर्तींनी विचारलं.

“खळ आहे साहेब. तिला घाई चालत नाही.”

ती चार-पाच मिनिटं! अत्तरसाहेबांनी पायावरचा पाय काढला. मग ते पुढं सरकून बसले. मग उठले आणि दाराकडं निघाले, तेव्हा न्यायमूर्ती म्हणाले, “बसा. कुणीही बाहेर जायचं नाही.” भागूबाईंनी फडकं उचललं, नखानं कड सोडवली आणि पान असं अलगद ओढलं, की जराही टरकलं नाही. खालचा बोटभर काठ उघडा पडला.

न्यायमूर्तींनी भिंग मागवलं. एका ओळीवर ‘७.५५’. आणि तिच्यावर आडवं आलेलं एका सहीचं लांबलचक शेपूट. बोटीच्या मालकाला आपल्या सहीचा इतका गर्व, की ती कधी रकान्यात मावायची नाही. बोटीच्या परवान्यावरची सही आणली, शेजारी ठेवली. शेपूट तेच, शेवटचे दोन ठिपकेही तेच.

“नवं पान कुणी लावलं?”

“मी.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

भागूबाईंनी नुसतं बोट वर केलं. बोट इतकं थरथरत होतं की पुढच्या रांगेतल्या तीन माणसांवरून फिरलं आणि मग एकावर थांबलं.

“आणि हा काठ तुम्ही मुद्दाम ठेवलात? पुरावा राहावा म्हणून?” न्यायमूर्तींचा आवाज मऊ झाला होता.

“नाही साहेब,” भागूबाई म्हणाल्या. “काठ ठेवला नाही तर पलीकडचं पान निसटतं. आणि पान निसटलं की ओरडा बांधणारीला बसतो.”

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. अत्तरसाहेबांना दुसऱ्या दिवशी विमानतळावर धरलं आणि खाई त्याला खवखवे म्हणतात तसं त्यांनी पहिल्याच तासात राष्ट्राध्यक्षांचं नाव घेतलं. पाचव्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला. या वेळी छातीवर हात ठेवला नाही. वर्तमानपत्रांनी भागूबाईंना वाघीण वगैरे म्हटलं. पण कायदा तो कायदा. सरकारी दस्तात फेरफार केल्याबद्दल वाघिणीला सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि भरलेली पिशवी कामाला आली.

आता दर रविवारी व्याही त्यांना भेटायला जातात. दारावरच्या शिपायाचं आणि त्यांचं भांडण ठरलेलं. शिपाई अंदाजे ‘दहा’ लिहितो, हे घड्याळ दाखवून दहा वाजून सात मिनिटं करायला लावतात.

पहिल्या रविवारी ते समोर येऊन बसले. जाळीवर बोटं टेकवली. मग म्हणाले, “विहीणबाई, त्या दाराचा आवाज...”

“होतो ना,” भागूबाई म्हणाल्या. “रोज होतो. रोज दचकते मी.” आणि मग जरा रागानंच म्हणाल्या, “पण तुम्ही कोण हो ठरवणार, मला काय झेपतं ते?”

व्याह्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, “तुमच्या या तुरुंगाचं रजिस्टर फार वाईट बांधलंय. सही करताना पान हातात आलं माझ्या.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “सांगितलंय मी त्यांना. उद्यापासून माझ्याकडंच देतायत. शेवटचा रकाना किती रुंद ठेवू?”